चुण्या

फ्रॉकच्या कमरेला इलॅस्टिक लावायचं असलं की आई ते कापडाच्या साधारण निम्मं कापते. मग खडूने कापडाचे चार सारखे भाग, इलॅस्टिकचेही चार, खुणेला खूण जुळवून टाचण्या, आणि टीप मारताना एक हात सुईच्या मागे, एक पुढे. दोन्ही हातांनी पट्टी ताणून धरायची, इतकी की ती कापडाच्या लांबीला येईल. सुईखालून सरकताना सगळं सपाट दिसतं. शेवटची टीप झाली, दोरा तुटला, की आई हात सोडते आणि पट्टी गपकन आक्रसून कापडाला चुण्या पडतात.

लहानपणी मी त्या हात सोडण्याची वाट बघत मशीनशेजारी बसायची. सांगलीच्या गावभागातलं दोन खोल्यांचं घर, खिडकीपाशी मशीन, आणि गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस खाटेवर फ्रॉकांचा ढीग. एकदा मी विचारलं, "चुण्या किती पाडायच्या हे कसं ठरवतेस गं?" आई म्हणाली, "मी कुठं ठरवते? कापड ठरवतंय." मलमल असली की बारीक, दाट चुण्या येतात. जाड सुती कापडाला मोजक्या आणि मोठ्या. तीच मलमल जास्त कडक पट्टीला लावली, तर आणखी बारीक. आईच्या हातात लांबी आणि माल, एवढंच. नेमकी कितवी चुणी कुठे पडेल यावर तिने कधी डोकं चालवलं नाही, आणि तरी दोन बहिणींचे एका मापाचे दोन फ्रॉक शेजारी ठेवले तर चुण्या मोजून सारख्या निघायच्या. मी मोजलेल्या आहेत.

हे बोलणं मी पुढे विसरून गेले.

मी प्राणिशास्त्र शिकवते. आमच्याकडे बीएस्सीच्या मुलांना कोंबडीच्या भ्रूणाच्या स्लाइड्स असतात. 18 तास, 24 तास, 33, 48, 72. गुलाबी रंगवलेले, काचेखाली चिकटवलेले ते इवलेसे जीव माझ्या नोकरीच्याही आधीपासून त्या लाकडी पेटीत आहेत. ओळखायची युक्ती मुलांना पाठ असते. कण्याच्या दोन्ही बाजूंना ठोकळ्यांच्या जोड्या दिसतात त्या मोजायच्या. चार-पाच दिसल्या तर 24 तास, डझनभर दिसल्या तर 33, डोकं वाकलेलं दिसलं की 48 लिहून मोकळं व्हायचं. परीक्षक मान डोलावतात, मार्क पडतात.

एका वर्षी एका मुलीने 18 तासांची आणि 33 तासांची स्लाइड शेजारी ठेवली आणि विचारलं, "मॅडम, इथे सपाट पट्टी आहे आणि इथे बंद नळी. मधल्या वेळात हिला वळवलं कुणी?" मी म्हटलं, "जनुकांमुळे होतं ते." तिने वहीत लिहून घेतलं. संध्याकाळी घरी येताना मला माझीच लाज वाटली. "हा फ्रॉक कसा शिवला?" असं कुणी विचारावं आणि "गिऱ्हाइकाने सांगितलं म्हणून" असं उत्तर द्यावं, तशातली ती गत. उत्तर खोटं नव्हतं. पण कापड कुणी धरलं, ओढलं कुणी, टीप कुठे पडली, यातलं काही त्यात नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात त्या मुलीसाठी, खरं तर माझ्यासाठी, आम्ही फलित अंडी उबवायला ठेवली. लोडशेडिंगचे दिवस होते. उबवणी पेटीचं तापमान 38 अंशांवर राहावं म्हणून दुपारभर पेटीभोवती जुनी गोधडी गुंडाळून बसलो, तरी पहिली खेप वाया गेलीच. दुसऱ्या खेपेला तिसऱ्या दिवशी अंडं आडवं ठेवून, सुईने थोडा पांढरा बलक काढून घेतला. त्यामुळे भ्रूण कवचापासून खाली सरकतो. वरून चिकटपट्टी लावली आणि वाकड्या कात्रीने कवचाला खिडकी कापली. आत पिवळ्यावर लाल रेघांचं जाळं आणि मधोमध एक ठिपका, उडणारा. टाचणीच्या डोक्याएवढं हृदय. ती मुलगी काहीच बोलली नाही, श्वास रोखून बघत राहिली. कवचाची कड तिच्या बोटाला कापली होती, तेही तिला नंतर कळलं.

तिच्या प्रश्नाचं उत्तर मी पुढे वाचून काढलं आणि ते शिवणकामाच्या भाषेतच सगळ्यात सोपं जातं. कळीदार परकर असतो ना, त्यातली प्रत्येक कळी वर निमुळती, खाली रुंद. चौकोनी तुकडे जोडले तर सपाट पडदा होईल; कळ्या जोडल्या की कापड आपोआप वळतं, घेर धरतं. भ्रूणाच्या पाठीवरच्या त्या सपाट पट्टीतल्या पेशी आधी चौकोनी ठोकळ्यांसारख्या उभ्या असतात. मग ठरावीक जागच्या पेशी आपलं वरचं तोंड आवळून घेतात आणि त्यांच्या कळ्या होतात. आवळतं काय, तर ॲक्टिन आणि मायोसिन नावाची प्रथिनं. बटव्याच्या नाडीसारखी ती पेशीच्या तोंडाभोवती असतात. आपल्या तालमीत पोरं दंड फुगवून दाखवतात तो दंडही याच जोडीमुळे आवळला जातो. पट्टीच्या कडाही बाजूने आत रेटल्या जातात, पट्टीत घडी पडते, कडा वर येऊन एकमेकींना भिडतात आणि नळी मिटते. पुढे तिचाच मेंदू आणि मज्जारज्जू होतो. माणसात ही नळी गर्भधारणेनंतर चार आठवड्यांच्या आत मिटते, म्हणजे पुष्कळजणींना दिवस गेल्याचं नीट कळलेलंही नसतं तेव्हा. फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आधीपासून घ्यायला सांगतात त्या ही नळी नीट मिटावी याचसाठी.

हे सगळं माझ्यासाठी पुस्तकातलंच राहिलं असतं. पण 2009च्या पावसाळ्यात भावाला मुलगा झाला.

तिसऱ्या दिवशी बाळ दूध ओकायला लागलं. ज्यांना दाखवलं त्यांनी हसून सांगितलं की पहिलटकरणीला असंच वाटतं, दूध पचत नसेल, ढेकर काढत जा. वहिनी रडवेली झाली होती. आईने दुपटं उचलून खिडकीशी उजेडात धरलं. आयुष्यभर दोऱ्याचा रंग कापडाशी जुळवण्यात गेलेली बाई ती. म्हणाली, "हा दुधाचा रंग न्हवं. हिरवा हाय ह्यो. शेवाळी." आणि दुपटं पिशवीत घालून तशीच उठली. आम्ही रिक्षा करून मिरजेला गेलो. पाऊस होता, मिरज रोडला नेहमीसारखी गाड्यांची दाटी होती, आणि आई ती पिशवी मांडीवर अशी धरून बसली होती की जणू त्यातच बाळ आहे.

तिथल्या सर्जननी दुपटं बघितलं आणि बाकीचं सगळं भराभर झालं. नवजात बाळाची हिरवी उलटी म्हणजे पित्त उलटं येतंय, पुढची वाट बंद आहे, हे त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. रात्री ऑपरेशन झालं. आतड्याला पीळ बसला होता. पीळ सोडवून, कोमट पाण्यात भिजवलेल्या कापडात आतडं गुंडाळून ते वाट बघत राहिले आणि काळपट पडलेला भाग हळूहळू गुलाबी झाला. कापावं लागलं नाही.

सकाळी त्यांनी आम्हाला समोर बसवून कागदाच्या पाठकोऱ्या बाजूला चित्र काढलं. गर्भ साधारण सहा आठवड्यांचा होतो तेव्हा आतडं इतकं झपाट्याने वाढतं की इवल्याशा पोटात मावत नाही. ते चक्क पोटाबाहेर, नाळेत उतरतं. तिथेच वाढतं, वळतं, आणि दहाव्या आठवड्याच्या सुमाराला परत आत येतं. या जाण्यायेण्यात एकूण 270 अंशांचं वळण घेतं, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेला. आतडं मोकळं लोंबत नसतं. एका पातळ पडद्याने ते पाठीच्या भिंतीला जोडलेलं असतं. त्या पडद्याला मेसेंटरी म्हणतात. वळण पुरं झालं की पडद्याचं मूळ डावीकडे वरपासून उजवीकडे खालपर्यंत असं तिरपं, लांबच्या लांब पसरून चिकटतं. आमच्या बाळाचं वळण अर्ध्यात थांबलं होतं, मूळ अरुंद राहिलं होतं, आणि सगळं आतडं त्या अरुंद देठाभोवती ओल्या धोतरासारखं पिळलं गेलं होतं. 1936 साली बॉस्टनच्या विल्यम लॅड यांनी लिहून ठेवलेली शस्त्रक्रिया त्यांनी केली. पीळ सोडवायचा, आडवे आलेले पट्टे कापायचे, देठ जमेल तेवढा रुंद पसरायचा, लहान आतडं उजवीकडे ठेवायचं, मोठं डावीकडे. अपेंडिक्स काढून टाकायचं, कारण ते आता भलत्याच बाजूला आलेलं असतं आणि पुढे कधी दुखलं तर डॉक्टरची फसगत होईल.

"म्हणजे निसर्गाने जसं ठेवलं असतं तसं नाही ठेवलं?" भावाने विचारलं.

"तसं ठेवता येत नाही. पण असंही चालतं. उत्तम चालतं."

आई इतका वेळ चित्राकडे बघत होती. म्हणाली, "अस्तर अरुंद बेतलं होतं म्हणायचं." सर्जन थांबले, चित्राकडे बघितलं, आणि म्हणाले, "हो, मावशी. तसंच."

घरी आल्यावर मी पुस्तकं उघडली, तर वळतं कसं याला तिथे तीच एक ओळ. "वाढीतल्या फरकामुळे". कुठला फरक, किती फरक, कुणाच्या वाढीत, काही नाही. ही ओळ मी स्वतः कित्येक वर्षं फळ्यावर लिहिली होती.

दोन वर्षांनी, 2011मध्ये, हार्वर्डमधल्या मंडळींचं काम छापून आलं. त्यातले एक एल. महादेवन, आयआयटी मद्रासला शिकलेले, कापडाच्या चुण्या-सुरकुत्यांचं गणित मांडण्यात मुरलेले; दुसरे क्लिफर्ड टॅबिन, कोंबडीच्या भ्रूणावर हयात घालवलेले. त्यांनी कोंबडीच्या भ्रूणाचं आतडं पडद्यासकट बाहेर काढलं आणि पडदा कडेकडेने कापून आतड्यापासून सोडवला. वेटोळी घालून बसलेलं आतडं सरळ झालं. एका नळीसारखं, लांब. आणि पडदा उलटा आक्रसून लहान झाला. म्हणजे जोडलेले होते तोवर पडदा ताणलेला होता आणि आतडं दाबलेलं. आतडं पडद्यापेक्षा वेगाने वाढतं, पडदा त्याला वाढू तितकं पसरू देत नाही, म्हणून ते वेटोळी घेतं.

मग त्यांनी एक रबराची नळी घेतली, एक पातळ रबरी चादर घेतली, चादर ताणून धरली, तिच्या कडेला नळी शिवली आणि चादर सोडली.

मी वाचता वाचता मोठ्याने हसले. स्टाफरूममधल्यांनी माना वर केल्या. हार्वर्डमध्ये कुणीतरी हात सोडला होता आणि नळीला चुण्या पडल्या होत्या, कोंबडीच्या पोटात पडतात तशाच, हुबेहूब. त्यांचं सूत्रही आईचंच निघालं. नळी जाड आणि ताठ असली की मोठी वेटोळी. पडदा जाड आणि ताठ असला की लहान. कोंबडी, लावा पक्षी, एक चिमुकली फिंच आणि उंदीर, या चौघांची मापं घेऊन त्यांनी वेटोळ्यांचा आकार गणिताने आधीच सांगितला आणि तो जुळला. एका जातीच्या प्राण्यांत वेटोळी ठरलेली असतात, पिल्लागणिक तशीच पडतात. पण म्हणून त्यांची जागा कुठे लिहून ठेवलेली असायला हवी असं नाही. मी बहिणींच्या फ्रॉकांवर मोजल्या होत्या त्या चुण्याही कुठे लिहिलेल्या नव्हत्या.

संध्याकाळी आईला हे सांगितलं. तिला फारसं नवल वाटलं नाही. "मग दुसरं कसं होणार?" एवढंच म्हणाली. त्या रविवारी मटण आणायला तीही माझ्याबरोबर आली. दुकानदार वजडी साफ करत होता. चरबीने भरलेल्या पडद्यात बोटं घालून त्याने आतडं धरलं आणि सरसर ओढत सोडवत गेला. इतका वेळ झालरीसारखं दुमडलेलं ते आतडं त्याच्या हातात दोरीसारखं लांब, सरळ लोंबत राहिलं, आणि पडदा ओट्यावर मुठीएवढा गोळा होऊन पडला. आईने माझ्याकडे बघितलं. दुकानदाराला आमचं काय चाललंय कळेना. "ताई, वजडी पायजे काय?" त्याने दोनदा विचारलं.

आतड्याच्या वळण्याची दिशा कशी ठरते, याचंही उत्तर तोवर येऊन गेलेलं होतं, माझ्या नजरेतून सुटलं होतं. 2008 साली टॅबिन यांच्याच प्रयोगशाळेत दिसलं की सुरुवातीला पडद्याचा आडवा छेद चौकोनी असतो. मग डाव्या बाजूच्या पेशी उंच होऊन एकमेकींना घट्ट खेटतात आणि उजव्या बाजूच्या विरळ पसरतात. एक बाजू आखूड, एक लांब. चौकोनाची कळी झाली. तिला लोंबकळणारं आतडं डावीकडे कलतं, आणि तिथून त्याचं वळण सुरू होतं. डावीकडे कोणते जनुक चालू असतात हे माहीत आहे. ते पेशींना "खेटा" एवढंच सांगतात. पुढचं काम ओढ करते.

इथे मला एक जुनं भांडण सांगायचंय, कारण ते मला भलतंच आवडतं. विल्हेल्म हिस नावाचे एक शरीररचनेचे प्राध्यापक होते. 1874मध्ये त्यांनी मांडलं की भ्रूणाचे आकार समजून घ्यायचे तर आधी ओढ, दाब, घड्या यांचा हिशेब करा. रबराची नळी वाकवून बघा, मेंदूची वळणं कशी येतात ते कळेल. त्या काळी जर्मनीत अर्न्स्ट हेकेल यांचा दबदबा होता. त्यांच्या मते भ्रूण आपल्या पूर्वजांची उत्क्रांती पुन्हा गिरवतो, तेच त्याच्या आकारांचं कारण, आणि रबराच्या नळ्या वाकवणं हा पोरखेळ. त्यांनी हिस यांची टर उडवली. यांच्या लेखी निसर्ग म्हणजे कापून, दुमडून, ओढून-ताणून सगळे प्राणी शिवणारी एखादी हुशार शिंपीण आहे, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. शिंप्याचा सिद्धांत, असं नावही ठेवलं.

टोमणा होता तो. पुढे हेकेल यांचा सिद्धांत मोडीत निघाला आणि शिंपिणीचा टिकला. पण मला राग येतो तो वेगळ्या कारणाने. हेकेल यांनी हुशार शिंपीण हा शब्द हिणवायला वापरला, तेव्हा त्यांनी शिंपिणीला काम करताना कधी पाहिलं असेल असं वाटत नाही.

आईला हे सांगितलं तर तिने वेगळाच मुद्दा काढला. "पण माझं कापड शिवताना वाढत न्हाई गं."

मी गप्प झाले. कारण खरी अडचण तीच आहे आणि हिस यांच्या रबरी नळीतही ती होती. रबर कितीही वेळ ताणून धरा, त्याची ओढ तशीच राहते, सोडलं की मागे येतं. जिवंत पेशींचा थर सेकंदा-मिनिटांत रबरासारखा वागतो, तास उलटले की कणकेसारखा. कणीक मळल्यावर लगेच ओढून सोडा, मागे जाते. ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा, मग ओढाल तशी बसते. पेशी जागा बदलतात, एकमेकींचे हात सोडून दुसरीचे धरतात. सांगलीच्या गणपती मंदिरात संकष्टीला चारचारांच्या रांगा येतात आणि पुढे कठड्यापाशी एकेक होऊन मधे घुसतात. माणसं तेवढीच, रांग मात्र चिंचोळी होऊन लांबत जाते. बेडकाच्या भ्रूणाच्या पाठीचा तुकडा कापून बशीत ठेवला तर तो तिथेही आपोआप असाच लांबतो. अमेरिकेत रे केलर यांनी हे दाखवलं. फळमाशीच्या भ्रूणाचा पट्टा दोनेक तासांत दुपटीहून लांब होतो, तेही जवळजवळ काही न वाढता. तिथेही कुठल्या कडा आवळायच्या हे मायोसिनच ठरवतो. मार्सेयच्या थॉमस लक्यी यांच्या गटाने 2004मध्ये ते पकडलं.

आणि वाहता थर मधेच घट्टही होतो. आमच्या गल्लीच्या टोकाला गिरणी आहे. पत्र्याच्या नरसाळ्यात ज्वारी ओतली की पाण्यासारखी उतरत असते आणि अचानक अडते. एक दाणाही चिकटलेला नसतो, सगळे सुटे, तरी सगळे मिळून दगड. गिरणीवाला लाकडाने दोन टोले देतो, की पुन्हा वाहतं. झेब्रामाशाच्या शेपटीच्या टोकाला पेशी अशा वाहत्या असतात, आणि टोकापासून थोडं आत, जिथे मणक्याचे ठोकळे पडणार, तिथे त्या अशाच अडून घट्ट होतात. 2018मध्ये कॅलिफोर्नियात ओत्गेर कांपास यांच्या मंडळींनी पेशींच्या मधे चुंबकाला दाद देणाऱ्या तेलाचे थेंब सोडले, बाहेरून चुंबकाने थेंब ताणले, आणि भोवतालचा भाग कुठे सरकून वाट देतो, कुठे देत नाही, हे मोजलं. शरीर टोकाला ओलं आणि मागे वाळत आलेलं, असं लांबत जातं. कुंभार लोटक्याचा खालचा भाग थोडा सुकू देतो आणि मग वरचा चढवतो, तसं काहीसं.

वहिनीचं माहेर तासगावचं. त्यांच्या शेडवर मार्च महिन्यात द्राक्षं जाळ्यांवर वाळत असतात. चार किलोंचा एक किलो बेदाणा होतो. आतलं पाणी जातं, सालीचं क्षेत्रफळ तेवढंच राहतं, मग उरलेल्या सालीने करायचं काय? सुरकुत्या. मेंदूवरच्या वळ्या याच हिशेबाने, पण उलट्या वाटेने येतात. तिथे आतलं आटत नाही, बाहेरचा थर आतल्यापेक्षा जास्त पसरतो. 2016मध्ये महादेवन यांच्याच गटाने 22 आठवड्यांच्या गर्भाच्या गुळगुळीत मेंदूचा जेलचा साचा केला, वर दुसऱ्या जेलचा थर दिला आणि द्रवात बुडवला. वरचा थर फुगला आणि काही मिनिटांत त्यावर माणसाच्या मेंदूच्या वळ्या उमटल्या, पुष्कळशा जागच्या जागी. भाच्याला मी तो व्हिडिओ दाखवला. त्याने चघळत असलेला बेदाणा तोंडातून बाहेर काढला, निरखून पाहिला आणि पुन्हा तोंडात टाकला.

तो आता सोळा वर्षांचा आहे. तालमीत जातो. पोटावर आडवा व्रण आहे, त्याच्याबरोबर वाढून तोही लांबलाय. लंगोट कसून मातीत उतरला की नवी पोरं विचारतात, तर हा ऐटीत सांगतो, "माझं आतडं उजवीकडं हाय." सर्जननी तेव्हा एका चिठ्ठीवर चार ओळी लिहून दिल्या होत्या. कधी पोटात दुखलं आणि परगावी असला, तर कुठल्याही डॉक्टरला दाखवायच्या. लहान आतडं उजवीकडे, मोठं डावीकडे, अपेंडिक्स काढलेलं आहे. भावाने ती लॅमिनेट करून घेतली. 2019च्या पुरात घरात पाणी शिरलं तेव्हा आई ती चिठ्ठी आणि मशीनचं डोकं, एवढंच घेऊन माळ्यावर चढली होती. मशीनचा पायाचा भाग चार दिवस पाण्यात होता. अजून करकरतो.

या जूनमध्ये भाच्याची बॅग फाटली. नवी आणली, तर आई म्हणाली, चिठ्ठीला आत कप्पा हवा, वरचा नको, पोरं उचकतात. जुन्या परकराचं कापड काढलं. कप्प्याच्या तोंडाला इलॅस्टिक, म्हणजे चिठ्ठी पडायची नाही. तिची नजर आता अधू झालीय, म्हणून खडूच्या खुणा मी केल्या. चार इकडे, चार तिकडे. टाचण्याही मीच लावल्या. टीप तिने मारली, पायाखाली करकर करत, पट्टी ताणून धरत. शेवटाला आली, दोरा तोडला, आणि पट्टीची दोन्ही टोकं तशीच चिमटीत धरून तिने ती माझ्यापुढे केली.

"घे," म्हणाली. "सोड तूच."